सोव्हिएत काळातल्या ज्यू घरांच्या कथा: छळछावणीच्या नव्हे, रोजच्या जगण्याच्या. तुम्ही काय वाचलंय?

शेवंती

सोव्हिएत काळातल्या ज्यूंबद्दल काही वाचावं म्हणून जालावर शोधलं की याद्या दोनच ठिकाणी नेऊन सोडतात: नाझींच्या छळछावणीत, नाहीतर सायबेरियात. ते वाचायला हवंच. पण मला हवंय ते साधंसुधं घर. बरणी घेऊन दुधाच्या रांगेत उभं राहणारं, पोराच्या ॲडमिशनच्या काळजीत असणारं, सामायिक स्वयंपाकघरात शेजारणीशी शेगडीवरून भांडणारं, आणि ज्यू असणारं.

सुरुवात ल्युदमिला उलित्स्काया या रशियन लेखिकेच्या एका कथेने केली. नाव साधारण 'त्याच वर्षीचा दोन मार्च' असं. साल १९५३, शहर मॉस्को. १३ जानेवारीला 'प्राव्दा'ने, म्हणजे पक्षाच्या दैनिकाने, छापलंय की बड्या डॉक्टरांनी उपचाराच्या नावाखाली पक्षाच्या नेत्यांना मारलं, आणि नावं बहुतेक ज्यू. कथेतल्या घरात डॉक्टर मंडळी आहेत, अखेरच्या घटका मोजणारे पणजोबा आहेत आणि एक शाळकरी मुलगी आहे. एक टारगट पोरगा तिच्या मागे लागलाय. तिकडे स्टालिनही मरणपंथाला लागलाय हे या घराला ठाऊक नाही. म्हातारा जातो, मुलगी वयात येते. गोष्ट एवढीच.

आता माझा प्रश्न. या गोष्टींमधली माणसं सिनेगॉगमध्ये जात नाहीत, शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळत नाहीत, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आली तर आजीपुरती. मग ज्यू म्हणून उरतं काय? मला वाटतं, उरतो तो पासपोर्टातला रकाना. १९३२ सालापासून देशातल्या देशात वापरायचे पासपोर्ट आले, त्यात रशियन, युक्रेनी, उझबेक तसं 'ज्यू' हेही राष्ट्रीयत्व म्हणून लिहिलं जायचं. नोकरीच्या फॉर्मात हाच पाचवा रकाना. माणसाने देव सोडला, भाषा सोडली, तरी कारकुनाने त्याला सोडलं नाही. म्हणून या कथा मला ज्यू कथा न वाटता फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या कथा वाटतात. पटतंय का? आणि अजून काय वाचू?

उडाणटप्पू

सोव्हिएत ज्यू विनोदांतल्या राबिनोविचला हजर केल्याशिवाय हा विषय सुरूच होत नाही. फॉर्मात प्रश्न: 'पक्षाचं धोरण राबवताना आपण कधी डगमगलात का?' राबिनोविच लिहितो: 'धोरण जसजसं डगमगलं, तसतसा मीही.'

रानजाई

वाचतेय. विषय रोचक आहे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. शेवंती, कथा मराठीत आहे का कुठे?

गणपुले_सर

इसाक बाबेल वाचा. आधी बाबेल, मग बाकीचे.

लोकांना त्याची घोडदळाची पुस्तकं आणि ओडेसातले गुंड तेवढे माहीत असतात. मी दोन छोट्या कथा सुचवतो, दोन्ही क्रांतीनंतरच्या. पहिली 'कार्ल-यांकेल'. ओडेसा. एक जावई पक्षात शिरायच्या खटपटीत. तो गावाला गेल्याचं बघून सासूबाई नातवाला उचलून सुंता करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेतात. पोराचं नाव बापाच्या लेखी कार्ल, मार्क्सवरून. आजीच्या लेखी यांकेल. जावई थेट कोर्टात! खटला भर सभागृहात चालतो. सरकारी वकील कडक क्रांतिकारी, नावही रशियन. तो म्हाताऱ्याला दरडावतो. तर म्हातारा त्याच्या कैलासवासी वडिलांची आठवण काढतो, त्यांचं जुनं ज्यू आडनाव घेऊन, आणि म्हणतो, तुम्ही आज मोठे झालात, म्हणजे मी तेव्हा त्या किरकोळ तुकड्याबरोबर तुमच्या पुढे कामाला येईलसं काही कापलं नव्हतं हे उघडच आहे.

दुसरी 'धर्मशाळेचा अंत'. दुष्काळ पडलाय, लाकूड मिळत नाही. ज्यू दफनभूमीतल्या धर्मशाळेतले म्हातारे एकच छानशी ओकची शवपेटी करून ठेवतात आणि ती भाड्याने देतात. प्रेत खड्ड्यात, पेटी परत. त्यावर सगळ्यांची पोटं भरतात. मग एका लाल सैनिकाची सरकारी इतमामात अंत्ययात्रा येते आणि नवे लोक पेटीसकट त्याला पुरतात. धंदा बसला! शेवंतीबाई, यात कुठे आलाय तुमचा पाचवा रकाना? यात आहे ती एक अख्खी वस्ती, तिचा विनोद आणि तिची भूक. हे ज्यू नाही तर काय?

बाबेलला १९३९च्या मे महिन्यात पकडलं आणि २७ जानेवारी १९४०ला गोळी घातली. वय ४५.

उडाणटप्पू

पेटी परत!! हसून हसून पुरेवाट. सर, दंडवत.

विळाकोयता

अपेक्षित धागा, अपेक्षित सूर. कम्युनलकातला (अनेक कुटुंबांच्या सामायिक फ्लॅटातला) चिकटून संसार, रांगा, टंचाई हे सगळं रशियन, तातार, आर्मेनियन सगळ्यांच्याच वाट्याला होतं. त्यात ज्यूंचं वेगळं दुःख शोधायचं हा शीतयुद्धातला जुना खेळ आहे.

झारच्या काळात ज्यूंना ठरावीक पट्ट्याबाहेर राहता येत नव्हतं, विद्यापीठात कोटा होता, पोग्रोम (ज्यू वस्त्यांवर जमावाचे हल्ले) होत होते. क्रांतीने ते मोडलं. विसाव्या-तिसाव्या दशकात सरकारी खर्चाने यिडिश शाळा चालत, मॉस्कोत सरकारी यिडिश नाटकमंडळी होती, बेलारूसमध्ये यिडिश अधिकृत भाषा होती. जगात दुसऱ्या कुठल्या सरकारने हे केलं होतं? खेड्यातल्या शिंप्या-चांभारांची पोरं एका पिढीत प्राध्यापक आणि इंजिनियर झाली. याच्यावरही कथा असतील की.

गणपुले_सर

विळाकोयता, तो पट्टा, म्हणजे वसाहतपट्टा, मोडला तो १९१७च्या वसंतात, हंगामी सरकारने. बोल्शेविक तेव्हा सत्तेवर यायचे होते. आणि त्या नाटकमंडळींचं पुढे काय झालं तेही लिहा की. त्यांचे प्रमुख मिखोएल्स यांना जानेवारी १९४८मध्ये मिन्स्कला ठार केलं आणि अपघात म्हणून दाखवलं. थिएटर १९४९ला बंद. १२ ऑगस्ट १९५२च्या रात्री १३ जणांना गोळ्या घातल्या, त्यात मार्किश, बेर्गेलसन असे यिडिशमधले पाच नामवंत लेखक. सरकारी खर्चाने शाळा, आणि सरकारी खर्चानेच गोळ्या.

विळाकोयता

कायदा कुठल्या महिन्यात झाला यापेक्षा यादवी युद्धात पोग्रोम करणाऱ्यांशी लढून तो टिकवला कुणी हे महत्त्वाचं. १९५२चं समर्थन मी केलेलं नाही.

नेव्हाकाठ

मी ऐंशीच्या दशकात लेनिनग्राडला शिकायला होते, म्हणून थोडं लिहिते.

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीकडे रविवारी जेवायला जायचे. जुन्या इमारतीत पाच कुटुंबांचा एकच फ्लॅट. दाराशेजारी आडनावांची पाटी आणि प्रत्येकापुढे किती वेळा बेल वाजवायची ते. मैत्रिणीच्या घरची खूण दोन लांब, एक आखूड. चुकून एक आखूड जास्त दाबली तर पलीकडची बाई गाऊनवर दार उघडून असं बघायची की पुढच्या रविवारी जायची हिंमत होऊ नये. स्वयंपाकघरात पाच टेबलं, पाच ओटे, प्रत्येकाचा दिवा वेगळा आणि त्याचं बटण आपापल्या खोलीत. दुसऱ्याच्या दिव्याखाली कांदा चिरायचा नाही!

मैत्रिणीचं आडनाव अस्सल रशियन, वडिलांचं. आई ज्यू. सोळाव्या वर्षी पासपोर्ट काढताना आईबापांपैकी कुणाचं राष्ट्रीयत्व लावायचं ते निवडता यायचं. तिने 'रशियन' लावलं होतं. यावर घरात काही बोलणं झालं होतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, बोलायचं काय त्यात, आजीनेच सांगितलं तसं लाव म्हणून. हीच आजी सणाला मासा करायची. कार्प आणायचा, कातडी न फाटता सोलायची, काटे काढून मांस कांद्याबरोबर वाटायचं आणि परत कातडीत भरायचं. कुठला सण ते शेजाऱ्यांना सांगायचं नाही. 'मासा मिळाला म्हणून केला.' आणि 'ज्यू' हा शब्द आला की आजीचा आवाज आपोआप खाली यायचा, आपल्याकडे पूर्वी कॅन्सरचं नाव घेताना बायकांचा यायचा तसा.

विळाकोयता, टंचाई सगळ्यांना होती, मान्य. पण आवाज सगळ्यांचा खाली येत नव्हता.

वाचायला सेर्गेई दोव्लातव सुचवेन. 'सूटकेस'. देश सोडून जाताना तीन सूटकेस न्यायची परवानगी. तीनच म्हणून आधी हा चिडतो आणि शेवटी बघतो तर अख्खं आयुष्य एकीत मावलंय. मग त्यातल्या एकेका वस्तूची एकेक गोष्ट. फिनिश मोज्यांची पहिलीच कथा वाचा: काळ्या बाजारात विकायला शेकड्याने मोजे घेतात आणि त्याच आठवड्यात सरकारी कारखान्याचे तसेच मोजे दुकानादुकानात स्वस्तात येऊन पडतात.

कोपऱ्यातला

दोव्लातव ज्यू कुठे? आई आर्मेनियन होती त्यांची.

नेव्हाकाठ

वडील ज्यू. 'आपली माणसं' म्हणून त्यांचं दुसरं पुस्तक आहे, घरच्या माणसांचं. त्यात आजोबा इसाक आहेत, व्लादिवोस्तोकचे. राक्षसासारखे धिप्पाड, पावाची लादी आडवी नव्हे, उभी कापून खाणारे. त्यांचा एक मुलगा बेल्जियमला जाऊन राहिला, म्हणून आजोबांना बेल्जियमचे हेर ठरवून गोळी घातली. हे सगळं तो हसवत सांगतो. ज्यू कथा कुठली हे आईच्या जातीवरून ठरवायचं तर निम्मं कपाट रिकामं होईल.

मालवणी_मसाला

अवांतर: कातडी न फाटता मासा सोलून परत भरायचा?? आमची आजी भरलं पापलेट करायची, पण सोलायचं म्हणजे कहर आहे. वरून तळायचा की रश्शात?

नेव्हाकाठ

उकडायचा. गाजर, कांदा, बीट घालून मंद आचेवर, आणि गार करून खायचा. मला पहिल्यांदा अजिबात आवडला नव्हता, वरून साखर घातलेली. गोड मासा!

मालवणी_मसाला

साखर?? मी धाग्यातून बाहेर पडतो.

गणिती

शेवंतीच्या फॉर्म भरणाऱ्या माणसावरून आठवलं. हे कथेतलं नाही, पण कथेत शोभेल असं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू मुलांची तोंडी परीक्षा वेगळी घेत. त्यांच्यासाठी राखून ठेवलेली गणितं असायची. उत्तर दोन ओळींचं, पण ते सुचायला तज्ज्ञालाही तास लागावा. उत्तर अवघड असतं तर बाहेर बोभाटा झाला असता. उत्तर सोपं, म्हणजे 'पोराला येत नव्हतं' म्हणायला मोकळे. ती गणितं पुढे गोळा होऊन इंग्रजीत आली आहेत. मी दोन-तीन घेऊन बसलो होतो, घाम फुटला.

एडवर्ड फ्रेंकेल हा आज नावाजलेला गणिती. १९८४मध्ये सोळाव्या वर्षी त्याला असंच पाडलं. मग तो तेल आणि वायूच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, कारण तिथे ज्यू मुलांना घेत. त्या संस्थेला लोक 'केरोसिन्का' म्हणत, म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. आणि बेला सुब्बोतोव्स्काया नावाच्या बाईंनी १९७८पासून अशा नाकारलेल्या मुलांसाठी घरात, मिळेल त्या वर्गात विद्यापीठाच्या तोडीचे तास चालवले. सामोसे-चहा नाही, सँडविच स्वतः करून द्यायच्या असं वाचलंय.

उडाणटप्पू

म्हणजे यूपीएससीच्या मुलाखतीसारखं, फक्त निकाल आधी.

मीठभाकर

इतक्या प्रतिसादांत वासिली ग्रोसमनचं नाव नाही? 'लाइफ अँड फेट' म्हटलं की लोक स्टालिनग्राडची लढाई म्हणून बाजूला ठेवतात. पण त्यातला विक्तर श्त्रूम आहे ना, भौतिकशास्त्रज्ञ, त्याची सगळी पानं घर, ऑफिस, बायकोशी अबोला, रेशन आणि फोनची वाट बघणं यांचीच आहेत.

शेवंती, तुमचा रकाना यात अक्षरशः आहे. युद्ध चालू असताना इन्स्टिट्यूट त्याला एक प्रश्नावली भरायला देते. तो रात्री घरी टेबलाशी बसून एकेक उत्तर लिहितो. आडनाव, नाव, जन्मतारीख. पाचव्यावर येतो. युद्धाआधी हा किती साधा प्रश्न होता असं त्याच्या मनात येतं. तो 'ज्यू' लिहितो, दाबून, ठळक. मग पुढचा प्रश्न सामाजिक उगमाचा, आणि तिथे त्याच्या लक्षात यायला लागतं की जन्मावरून माणूस निवडायचा हे पलीकडच्या, नाझींच्या बाजूलाही चाललंय. एका फॉर्मवर एवढं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि त्याच्या आईचं पत्र. ती नाझींच्या ताब्यातल्या गावात अडकलीय, डोळ्यांची डॉक्टर. ज्यूंना कोंडायच्या वस्तीत (घेट्टोत) हलवायच्या आधी शेजारीण तिची खोली बळकावते. बरोबर काय घेतलं ते ती मुलाला लिहिते: उशी, थोडं अंथरूण, त्याने कधीतरी दिलेला कप, चमचा, सुरी, दोन ताटल्या. पुश्किन. चेखव. हे कम्युनिस्ट राजवटीतलं नाही म्हणून इथे बसत नसेल, पण ती शेजारीण सोव्हिएतच आहे. ग्रोसमनची स्वतःची आई बेर्दिचेवला सप्टेंबर १९४१मध्ये अशीच मारली गेली.

केजीबीने फेब्रुवारी १९६१मध्ये हस्तलिखित नेलं ते टाइपरायटरच्या फितीसकट. १९६४ला लेखक गेला. पुस्तक १९८०मध्ये स्वित्झर्लंडला छापलं, रशियात १९८८ला.

विळाकोयता

ग्रोसमनने स्टालिन आणि हिटलर एका तागडीत घातलेत हे ऐकून आहे. म्हणून टाळलं.

मीठभाकर

ऐकून टाळू नका. श्त्रूम हा तुमचाच माणूस आहे, क्रांतीने वर आणलेला. नोकरी जायची वेळ येते, सहकारी ओळख दाखवत नाहीत, आणि मग एका रात्री खुद्द स्टालिनचा फोन येतो. झालं, सगळे परत हसायला लागतात, घराशी गाडी उभी. आणि त्यानंतर, सगळं मिळाल्यावर, त्याच्यापुढे सहीला एक पत्र येतं. निरपराध डॉक्टरांना दोषी ठरवणारं. धाक असताना जो वाकला नाही तो आता सही करतो. याला तुम्ही शीतयुद्धाचा खेळ म्हणणार का?

अश्दोदकर

नमस्कार मंडळी. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, माझे आजी-आजोबा पनवेलहून इस्रायलला आले. धागा वाचत होते, शेवंतीताईंच्या प्रश्नावर राहवलं नाही.

नव्वदच्या दशकात सोव्हिएत देशांमधून इथे जवळपास दहा लाख माणसं आली. आमच्या अश्दोदमध्ये तर दुकानांच्या पाट्याही रशियन झाल्या. खालच्या मजल्यावर कीव्हचं एक कुटुंब आलं. आजीबाई तिकडे इंजिनियर, इकडे आल्यावर जिने पुसायच्या. आमच्या आईची नि त्यांची गट्टी जमली. आईची हिब्रू मराठी वळणाची, त्यांची रशियन वळणाची, दोघींचं भांडणही कुणाला कळायचं नाही. त्या नेहमी म्हणायच्या, तिकडे आम्ही ज्यू होतो, इकडे आल्यावर रशियन झालो. हे वाक्य इथे हजारांच्या तोंडी आहे.

आणि रकान्याचं म्हणाल तर इकडे उलटा घोळ. तिकडे बाप ज्यू असला की पोराला शाळेत शिव्या. इकडे धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू पाहिजे. म्हणजे आयुष्यभर ज्यू म्हणून मार खाल्लेला माणूस इकडे येऊन ज्यू नाही! अशी मुलं लग्न करायला सायप्रसला जातात. आम्हाला याचं नवल नाही वाटलं. १९६२मध्ये आमच्या बेने इस्रायल लोकांच्याही वंशावळी तपासायचं फर्मान निघालं होतं, लग्न लावायच्या आधी. आमचे लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, १९६४मध्ये ते मागे घ्यायला लावलं. कोकणात शेकडो वर्षं तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली नाव पडलं, आणि तरी कागद दाखवा.

वाचायला दीना रुबिना बघा. ताश्कंदला जन्मली, १९९०ला इथे आली. ताश्कंदच्या गल्ल्या, युद्धात तिकडे हलवलेली माणसं, बाजार, हे तिच्याइतकं चवीने कुणी लिहीत नाही.

रानजाई

अश्दोदकर, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा मागतोय. लिहाच.

कोपऱ्यातला

+१. इमिग्रेशननंतरच्या कथा चालत असतील तर डेव्हिड बेझमोझगिसचं 'नताशा' पण. रिगाहून टोरांटोला गेलेलं कुटुंब.

गणपुले_सर

नाही चालत. धागा राजवटीखालच्या जगण्याचा आहे. त्यापेक्षा रिबाकोवचं 'जड वाळू' घ्या. १९७८ला, ब्रेझनेवच्या काळात, सरकारी मासिकात छापून आलेली ज्यू घराची कादंबरी. स्वित्झर्लंडमधला सुखवस्तू मुलगा चांभाराच्या मुलीवर, राहेलवर, भाळून छोट्या गावात राहायला येतो. चामडं, घोडे, लग्नं, भाऊबंदकी, सगळं आहे. शेवट व्हायचा तोच होतो, पण तोवर घर भरलेलं आहे.

शेवंती

सगळ्यांचे आभार, यादी तयार झाली. प्रश्नाकडे येते.

सरांची शवपेटी आणि नेव्हाकाठ यांचा मासा यांनी माझ्या रकान्याला चांगलंच आव्हान दिलंय. तरी माझं म्हणणं सोडत नाही, थोडं पुढे नेते. बाबेलच्या ओडेसात अजून वस्ती आहे. आजी नातवाला उचलून सुंतेला नेते, सुंता करणारा वकिलाची फिरकी घेतो. लेनिनग्राडची आजी नातीला 'रशियन' लाव म्हणते आणि मासा मुकाट्याने करते. मधल्या पन्नास वर्षांत वस्ती गेली, शाळा गेल्या, लेखक मारले गेले, आणि जे भर चौकात होतं ते एका टेबलावर, एका दिव्याखाली आलं. कारकुनाचा रकाना मात्र होता तिथेच राहिला. म्हणून श्त्रूमला फॉर्म भरताना आपण ज्यू असल्याचं आठवतं, आणि कार्ल-यांकेलच्या आजीला ते कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. मला वाटतं या कथा काळाच्या क्रमाने वाचायला हव्यात, नाहीतर मासा नुसता मासा वाटतो.

विळाकोयता, एका पिढीत प्राध्यापक झालेल्या पोरांची कथा तुम्ही मागितलीत. ती श्त्रूमचीच आहे.

रानजाई, मला मराठीत यातलं काही सापडलं नाही. लहानपणी गावात सोव्हिएत पुस्तकांची गाडी यायची, गॉर्कीची 'आई' घरोघर होती. ग्रोसमन त्या गाडीत असणं शक्यच नव्हतं. कुणी अनुवादाला हात घालणार असेल तर बाबेलच्या त्या दोन कथांपासून सुरुवात करा, पानं कमी आहेत.

मालवणी_मसाला

परत आलो. घरी विचारलं, साखर घालायला सक्त मनाई आहे. बीट घालून बघतो.

विळाकोयता

ग्रोसमन मागवला. जवळपास नऊशे पानं आहेत, दिवाळीपर्यंत काही विचारू नका. वसाहतपट्ट्याबद्दलचं माझं मत कायम आहे.